नायजेरियाची रेषा आभाळात, भारताची तळाशी: कसाव्याच्या साठ वर्षांच्या आकड्यांची तुलना कशी करावी

विचारणा थोडक्यात अशी आहे. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संकेतस्थळावरून १९६१ पासूनचे कसाव्याचे आकडे उतरवून घेतले आणि नायजेरिया, ब्राझील, थायलंड, भारत अशा चार रेषा एकाच आलेखावर काढल्या. नायजेरियाची रेषा आभाळात गेली, भारताची तळाला चिकटून राहिली. उलट हेक्टरी उतारा पाहिला तर भारत नायजेरियाच्या चौपट. मग पुढे कोण आणि मागे कोण? दोन देशांच्या रेषा शेजारी ठेवून बघायची रीत तरी काय? याच्यानंतर बटाट्याची अशीच तुलना करायचा विचार आहे, असंही विचारणाऱ्याने लिहिलंय.

कृषी सांख्यिकीत माझी पंचवीसेक वर्षं गेली, त्यातली बरीचशी कंदपिकांच्या मागे. कसावा म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तो कंद; दक्षिणेत त्याला टॅपिओका किंवा कप्पा म्हणतात. पुढे-मागे कोण याचं उत्तर त्या आलेखातून निघणार नाही. त्या चार रेषांना नाव एकच असलं तरी पिकं चार वेगळी आहेत. नायजेरियात हा कंद घरच्या पोटाला लागतो. थायलंडमध्ये तो बहुतांश परदेशी विकायला पिकतो. ब्राझीलमध्ये तो एकेकाळचा मुख्य आहार, आता ताटाच्या कडेला गेलेला. भारतात केरळपुरता खाण्याचा आणि तमिळनाडूत कारखान्याचा.

आधी उत्पादनाची रेषा बाजूला ठेवा आणि तिची फोड करा: क्षेत्र किती पट झालं आणि उतारा किती पट झाला. दोन्हींचा गुणाकार म्हणजे उत्पादन. एवढं केलं तरी चित्र पालटतं. थायलंडचं उत्पादन १९६१ साली १७ लाख टनांच्या आसपास होतं, २००९ साली ते ३ कोटी टनांवर पोचलं. म्हणजे साधारण १७ पट. त्यात क्षेत्र १३ पट आणि उतारा जेमतेम सव्वा पट, १७ टनांवरून २२-२३ टनांवर. भारताचं उत्पादन १९६१ च्या सुमारे २० लाख टनांवरून २०१० साली ८० लाख टनांच्या घरात गेलं, म्हणजे चौपट. पण क्षेत्र उलट घटलं आणि उतारा ७ टनांवरून ३५ टनांकडे गेला. नायजेरिया १९६१ च्या ७४ लाख टनांवरून अलीकडे ६ कोटी टनांच्या आसपास, म्हणजे आठ पट. क्षेत्र दहाएक पट झालं आणि उतारा होता त्याहून थोडा खालीच उतरला. तीन देश, तीन वाटा. उत्पादनाच्या एकाच रेषेत यातलं काहीच दिसत नाही.

पण फोड केली म्हणजे काम झालं असं नाही. क्षेत्र का वाढलं, हे देशाच्या आतून पाहावं लागतं, आणि थायलंडच्या बाबतीत तर देशाच्या बाहेरून. थाई कसाव्याची वाढ समजून घ्यायची तर नेदरलँड्समधल्या डुकरांच्या गोठ्यात जावं लागतं. युरोपीय समुदायाने आपल्या शेतकऱ्यांसाठी धान्याचे भाव चढे ठेवले होते. कसाव्यावरचा आयात कर मात्र १९६८ पासून ६ टक्क्यांवर बांधलेला. पशुखाद्य बनवणाऱ्यांनी हिशेब केला: महागड्या जवाऐवजी वाळवलेला कसावा आणि वर सोयाबीनची पेंड. रॉटरडॅमच्या बंदरात थाई कसाव्याच्या दाबून केलेल्या गोळ्यांची जहाजं लागू लागली आणि इकडे ईशान्य थायलंडच्या रेताड पठारावर जंगल तुटून कसावा लागला. १९६१ ला क्षेत्र लाखभर हेक्टर होतं, १९८९ ला ते पंधरा लाखांच्या पुढे. त्याच काळात उतारा १७ टनांवरून पंधरापर्यंत घसरला. शेतकरी बिघडले नव्हते, नवीन लागवड हलक्या जमिनीत जात होती. 'उतारा घसरला म्हणजे तंत्र मागे पडलं' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी हे उदाहरण आधी दाखवतो.

मग १९८२ साली युरोपने थायलंडशी करार करून वर्षाला पन्नासेक लाख टनांची मर्यादा घातली. १९९२ मध्ये युरोपने स्वतःच्या धान्याचे भाव उतरवले, तेव्हा स्वस्त कसाव्याची गरजच सरली. नव्वदच्या दशकात थाई रेषेला जो खळगा दिसतो तो हाच. तो दुष्काळाचा किंवा रोगाचा म्हणून वाचला तर फसगत होते. पुढे स्टार्चचे कारखाने आणि चीनमधली मद्यार्काची मागणी यांनी रेषा परत उचलली, आणि त्या वेळेस उतारासुद्धा वाढला, कारण रेयाँग आणि कासेतसार्त ५० ही सुधारित वाणं तोवर शिवारात पोचली होती. तेच कासेतसार्त ५० व्हिएतनाममध्ये केएम ९४ या नावाने गेलं. तिथे २००० साली उतारा ८ टनांच्या वर होता, २०१० साली १७ टन. दहा वर्षांत दुप्पट! उत्पादकतेची खरी झेप कशी दिसते हे बघायचं असेल तर त्या आलेखात व्हिएतनामची पाचवी रेषा घाला.

आता नायजेरिया. इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्यात उंच रेषा हीच आणि सगळ्यात कमी भरवशाची रेषाही हीच.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून दहाएक वर्षांत नायजेरियाचं उत्पादन सव्वा कोटी टनांच्या आतून तीन कोटींच्या वर गेलं, आणि १९९० च्या सुमारास त्याने ब्राझीलला मागे टाकलं. ही वाढ खरी आहे आणि तिची कारणंही पक्की आहेत. नायजेरियातल्याच इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय शेती संस्थेची टीएमएस ३०५७२ सारखी रोगाला टिकणारी वाणं हातोहात पसरली. १९८६ मध्ये नायराचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, अवमूल्यन झालं आणि १९८७ मध्ये गव्हाच्या आयातीवर बंदी आली, त्यामुळे शहरातला माणूस पावाकडून परत गारीकडे वळला. गारी म्हणजे कसावा किसून, पोत्यात भरून, दाबाखाली पाणी काढत आंबवून, मग मोठ्या कढईत भाजलेला रवा. किसायचं काम पूर्वी बायकांच्या हाताने व्हायचं, बोटं सोलून निघायची. गावोगाव इंजिनावरच्या किसण्या आल्या आणि ती अडचण सुटली. किसण्यांचा हा मुद्दा आकड्यांच्या कोणत्याच तक्त्यात सापडणार नाही, पण माझ्या मते वाणाइतकंच त्याचं वजन आहे.

त्यानंतरचा तुकडा मात्र भिंग लावून पाहा. २०१० साली क्षेत्र ३५ लाख हेक्टरांच्या आसपास आणि उतारा १२ टन. २०१३ साली क्षेत्र ६५ लाखांच्या वर आणि उतारा ७ टन. तीन वर्षांत एका देशात तीस लाख हेक्टर नवीन कसावा लागला आणि त्याच वेळी उतारा ४० टक्के पडला? त्या काळात असा कोणताही रोग किंवा अवर्षण झालेलं नाही. शेतात असं काही घडत नसतं, असं कागदावर घडतं. मोजायची रीत किंवा क्षेत्राचा आधार बदलला की रेषेत असा सांधा पडतो. दोन्ही बाजूंचे आकडे आपापल्या जागी बरोबर असतील, पण त्यांच्यावरून एक सलग कल काढणं म्हणजे दोन वेगळ्या तराजूंवरची वजनं एकाच वहीत मांडणं. म्हणूनच वर मी उतारा 'थोडा खाली' असं मोघम म्हटलं. १९६१ ते २०१० घेतलं तर तो वाढलेला दिसतो आणि १९६१ ते २०१३ घेतलं तर पडलेला.

असे सांधे शोधायला दोन साध्या गोष्टी पुरतात. एक, उताऱ्याची वर्षागणिक यादी नुसती नजरेखालून घाला. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा उतारा वर्षानुवर्षं आठ टनांच्या आसपास हलता न हलता उभा आहे. त्या देशाने त्या काळात युद्धं, विस्थापन, रोग सगळं पाहिलं. असा सरळसोट उतारा मोजलेला नसतो, कुणीतरी टेबलावर बसून धरलेला असतो. दोन, एफएओच्या फाइलमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असतं. 'ए' म्हणजे देशाने अधिकृत कळवलेला, 'ई' म्हणजे अंदाज, 'आय' म्हणजे गणिताने भरून काढलेला. बहुतेक जण फाइल उघडल्या उघडल्या हा स्तंभ नको म्हणून काढून टाकतात. कृपा करून ठेवा. अंदाजाचे बिंदू आलेखात पोकळ दाखवा आणि अधिकृत भरीव. अर्धं उत्तर तिथेच मिळेल. अधिकृत म्हणजे अचूक असंही समजू नका. देशाने कळवला एवढाच त्याचा अर्थ.

कसावा मोजायला इतका अवघड का, हे ज्याने पीक कापणी प्रयोग केलाय त्याला चटकन कळेल. आपल्याकडे ज्वारीचा किंवा सोयाबीनचा प्रयोग म्हणजे ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, कापायचं, मळायचं, तोलायचं. पीक एकाच वेळी तयार होतं, एकदाच निघतं, प्रश्न मिटला. कसाव्याला तशी सुगीच नाही. आठ-दहा महिन्यांनी कंद काढण्याजोगा होतो आणि पुढे वर्ष-दीड वर्ष जमिनीत सुखाने राहतो. एकदा उपटला की मात्र दोन-तीन दिवसांत आतून काळानिळा पडतो. म्हणून आफ्रिकेतलं घर शेतालाच कणगी समजतं. आज चार झाडं, परवा दोन, पाहुणे आले तर आठ. वर्षाच्या शेवटी त्या बाईला विचारा, बाई, किती निघालं? ती काय सांगणार? मलावीत अभ्यासकांनी काही घरांकडून रोजच्या रोज नोंदी लिहून घेतल्या आणि काहींना नेहमीसारखं आठवणीवर विचारलं. आठवणीतला आकडा कमी भरला.

शिवाय कसावा मक्यात, यामच्या कंदात, भुईमुगात मिसळून असतो, तेव्हा त्याच्या नावावर किती क्षेत्र धरायचं हा वेगळाच वाद. आणि उतारा कशाचा म्हणायचा? दहा महिन्यांत काढलेले २० टन आणि वीस महिन्यांनी काढलेले २० टन तक्त्यात शेजारी शेजारी बसतात. पण जमीन अडकली त्या महिन्यांचा हिशेब लावला तर दुसऱ्याचा वार्षिक उतारा १२ टन भरतो. तमिळनाडूतला पाण्यावरचा, खत घातलेला, दहा महिन्यांत गाडीत भरून कारखान्याला जाणारा कंद आणि नायजेरियातला दीड वर्ष जमिनीत ठेवून लागेल तसा उपटलेला कंद, यांच्या उताऱ्यांची चौपट ही तुलना मला म्हणूनच पचत नाही. नायजेरियातल्या घराला तो कंद जमिनीत सुरक्षित पडून आहे याचीच किंमत असते. ती टनांत दिसत नाही.

भारताच्या सरासरीतही एक गंमत आहे. केरळात हे पीक रुजवलं त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी, १८८० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला तेव्हा कप्प्यानेच मल्याळी माणसाला तारलं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर केरळात तीन लाख हेक्टरांवर कसावा होता. मग तांदूळ स्वस्त आणि सहज झाला, रबराला भाव आला, आणि डोंगरउतारावरचा कसावा ओसरत गेला. तमिळनाडूत सेलम, नामक्कल, धर्मपुरी भागात मात्र तो ओलिताच्या जमिनीत शिरला, एच २२६ सारख्या जास्त स्टार्चच्या वाणांवर. आता बघा: कमी उताऱ्याच्या प्रदेशातून क्षेत्र निघून जास्त उताऱ्याच्या प्रदेशात गेलं, तर एकाही शेतकऱ्याने काही नवीन केलं नाही तरी देशाची सरासरी चढते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचं काम मोठं आहे, केरळचा उताराही वाढलाय, ते मी नाकारत नाही. पण भारताच्या त्या पाचपट उताऱ्यातला एक वाटा या जागाबदलाचा आहे आणि देशपातळीच्या आकड्यात तो वेगळा दिसत नाही. राज्यवार आकडे काढून ही फोड स्वतः करून बघा. चांगला प्रबंध होईल.

सेलमजवळच्या एका साबुदाण्याच्या कारखान्यात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातच शहाणपण शिकलो. ट्रॅक्टर आला, वजनकाट्यावर चढला, पण भाव टनावर ठरेना. एकाने ढिगातून चार-पाच कंद उचलले, धुतले, पाण्यात बुडवून तोलले आणि एक आकडा ओरडला. तो स्टार्चचा अंश, तिकडे त्याला 'पॉइंट'च म्हणतात. त्यावर पैसे. शेतकरी हुज्जत घालत होता ती वजनावर नव्हे, पॉइंटवर. आत कंद सोलून, किसून, हौदांत त्याचं दुधासारखं पाणी निवळत ठेवलेलं. तळाशी बसलेला पांढरा गाळ हलवून त्याचे मणी, मणी तापलेल्या तव्यांवर, मग उन्हात. चार-पाच किलो कंदाला एक किलो साबुदाणा. आपल्या एकादशीच्या ताटलीतली खिचडी म्हणजे त्या आकड्यांतला अर्धा-पाऊण किलो कंद.

हे सांगायचं कारण, ताज्या कंदात साठ टक्क्यांच्या वर पाणी असतं. नायजेरियाचे ६ कोटी टन आणि आपले गव्हाचे ११ कोटी टन अशी तुलना वर्तमानपत्रांत होते, ती म्हणजे कलिंगडाची मनुक्यांशी. कसाव्याची धान्याशी किंवा दुसऱ्या कंदाशी तुलना करायची असेल तर आधी कोरड्या वजनात किंवा उष्मांकात बदला. ढोबळमानाने तीन टन कंद म्हणजे एक टन धान्य. देशादेशांतली कसाव्याची तुलना असेल तर ताजं वजन चालतं, पण स्टार्चचा अंश सगळीकडे सारखा नसतो, हे मनात असू द्या.

ब्राझीलबद्दल फार लिहीत नाही, एकच सांगतो. १९६१ ला १ कोटी ८० लाख टन, १९७० च्या सुमारास शिखर, जवळपास ३ कोटी, आणि अलीकडे परत १ कोटी ८० लाखांच्या आसपास. आलेखात ही 'स्थिर' रेषा दिसते. माणशी हिशेब केला की १९६१ चे २४० किलो आता ८५ किलोच्या आसपास उतरलेत. लोक शहरात गेले, सरकारने गव्हाला अनुदान दिलं, फारिन्याची, म्हणजे कसाव्याच्या भाजलेल्या पिठाची, जागा पावाने घेतली. नायजेरियात उलट माणशी १६० किलोंवरून २९० च्या जवळ. लोकसंख्येने भागल्याशिवाय या दोन रेषा बोलतच नाहीत. नायजेरियाची शेवटची जनगणना २००६ ची आहे, म्हणजे तिथला भाजकही अंदाजाचा.

रोगकिडींचे खड्डे ओळखायला एक किस्सा उपयोगी पडेल. कसाव्याचा पिठ्या ढेकूण दक्षिण अमेरिकेतून १९७३ मध्ये काँगो खोऱ्यात पोचला आणि पुढे आफ्रिकाभर पसरला. त्याचा शत्रू असलेला चिमुकला परजीवी कीटक पॅराग्वेत सापडला, १९८१ पासून नायजेरियात सोडला गेला. त्या कामासाठी हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तोच ढेकूण २००८ मध्ये थायलंडमध्ये दिसला आणि २०१० साली थाई उत्पादन ३ कोटींवरून २ कोटी २० लाख टनांवर आलं. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनहून तोच परजीवी आणून सोडला आणि रेषा सावरली. २०२० मध्ये ढेकूण केरळात आला, आणि आपणही बेनिनहूनच तो कीटक मागवला. म्हणजे २०१० चा थाई खळगा किडीचा आणि नव्वदच्या दशकातला युरोपीय धोरणाचा. आलेखात दोन्ही सारखेच दिसतात.

आलेख काढताना उभा अक्ष लॉगॅरिदमचा घ्या. मग भारताची रेषा तळाला चिकटणार नाही आणि सारख्या चढाचा अर्थ सारखा वाढीचा दर असा लागेल. एकेका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी. थायलंडसाठी २००९ ऐवजी २०१० शेवटचं वर्ष धरलंत तर वाढीचा दर बराच घसरतो, त्यामुळे दोन टोकांवरून चक्रवाढ दर काढायचा मोह टाळा. सगळ्या देशांना १९६१ = १०० करून निर्देशांक काढणंही मला रुचत नाही; लहान पायावरचा थायलंड त्यात राक्षस होतो आणि ब्राझील बुटका.

बटाट्याकडे वळाल तेव्हा चीनपाशी सावध राहा. एफएओच्या फाइलमध्ये 'चीन' आणि 'चीन, मुख्यभूमी' अशा वेगळ्या ओळी आहेत. दोन्ही घेऊन बेरीज केली तर जगातला मोठा बटाटा दोनदा मोजला जातो. चिनी सरकारी वार्षिकांतून थेट आकडे घेतलेत तर तिथे १९६४ पासून पाच किलो कंद म्हणजे एक किलो धान्य धरून लिहितात, त्याआधी चार किलोंना एक, त्यामुळे तो आकडा एफएओच्या पाचव्या हिश्शाचा दिसेल आणि वाटेल की कुणीतरी चुकलंय. रशियाची रेषा १९९२ पासून सुरू होते. त्याआधीचा सोव्हिएत संघ हा वेगळा देश म्हणून नोंदलेला आहे, आणि त्यात युक्रेन-बेलारूसचा बटाटाही आहे. त्यांची गाठ मारायची असेल तर पंधराही प्रजासत्ताकांची बेरीज करून मारा. ती फाइल तयार झाली की अक्षरांचा स्तंभ न काढता पाठवा, बघतो.